काळी तार कोणती?

अमेरिकेत छापलेलं घरदुरुस्तीचं पुस्तक उघडा. विजेच्या प्रकरणात काळी तार फेजची असते आणि पांढरी न्यूट्रलची. आपल्या घरांतली रूढ पद्धत वेगळी : लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची. त्या आकृतीवर विसंबून कुणी काळ्या तारेवर बटण बसवलं, तर बटण बंद केल्यावर दिवा विझेल, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहील. बल्ब बदलायला स्टुलावर चढणाऱ्याला ते दिसणार नाही. शिवाय तिकडे घरातली वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230.

म्हणून पुस्तक निवडताना मी आधी तारांचे रंग पाहतो, मग लेखकाचं नाव.

जुन्या पुस्तकांच्या पथारीवर ब्रिटिश पुस्तकंही मिळतात, आणि तिथे हिशेब उलटा लागतो. जुन्या आवृत्त्यांत लाल-काळी हीच जोडी आहे. 2004 पासून त्यांनी तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल स्वीकारली. आपल्या इमारतींत थ्री-फेज मीटरपाशी लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेजच्याच तारा. नवी आवृत्ती वाचून निळीला न्यूट्रल समजणारा तिथे जिवाशी खेळतो. इस्त्रीच्या वायरीत मात्र तपकिरी-निळीच असते, आणि तिथे नवं पुस्तक बरोबर ठरतं. प्लगचं पुन्हा निराळं. 1947 मध्ये ब्रिटनने चपट्या पिनांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग आणला. आपण त्याआधीच्या गोल पिनांवरच राहिलो. म्हणजे एकाच पुस्तकातलं एक पान उपयोगी आणि पुढचं निरुपयोगी.

भिंतीचं प्रकरण तर बहुतेक सोडूनच द्यावं लागतं. अमेरिकेतली पुष्कळ घरं लाकडी सांगाड्याची. सोळा सोळा इंचांवर उभे दांडे आणि त्यांवर जिप्समचे तक्ते. फळी लावायची तर आधी तक्त्यामागचा दांडा शोधा, असं पुस्तक सांगतं. आपल्याकडे नऊ इंची विटांची भिंत, साडेचार इंची आडभिंत, काँक्रीटचा खांब, नाहीतर कोकणातला जांभा. इथे हॅमर ड्रिल, योग्य बिट आणि रावळ प्लग यांची माहिती हवी. नळाचंही तसंच. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्यावर तर दोन-तीन मीटरच उंची. जोरदार दाब गृहीत धरणारा सल्ला तिथे चालत नाही.

मराठी वाचकाला मी आयटीआयची पाठ्यपुस्तकं सुचवेन. वीजतंत्री, नळ कारागीर, गवंडी या व्यवसायांची. चेन्नईची ‘निमी’ ही सरकारी संस्था अशी पुस्तकं काढते, आणि त्यांत मराठीही आहेत. सिद्धान्ताचं पुस्तक एकटं घेऊ नका, प्रात्यक्षिकाचंही घ्या. हत्यार धरायचं कसं ते त्यातच कळतं. भाषा रुक्ष आहे, पण रंग, प्लग आणि विटा आपल्या आहेत.

मासिकांकडून वेगळी अपेक्षा ठेवावी. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ 1902 पासूनचं, ‘फॅमिली हँडिमन’ 1951 पासूनचं. त्यांनी हाताला चाळवलं, हे मोठं काम. पण अंकागणिक विषय बदलतो. पाया घालायला पुस्तकच लागतं.

चांगलं पुस्तक कुठे थांबायचं तेही सांगतं. भारतीय वीज नियम, 1956 मधल्या नियम 45 ने दिवे, पंखे, फ्यूज, बटणं यांसारखी बदलाबदल, क्षमता आणि स्वरूप न बदलता, मोकळी ठेवली. बाकी वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराचं. जे पुस्तक मीटरपर्यंत हात घालायला सांगतं, ते परत ठेवा.

आणि एका कामाचं पुस्तक मला आजवर हाती लागलेलं नाही : शाकारणी. कोकणातल्या कौलारू घरांत पावसाआधी कौलं उतरवायची, वासे-रिपा तपासायच्या, फुटकी कौलं बदलायची. लावताना वळचणीकडून आढ्याकडे चढत जायचं, म्हणजे वरच्या कौलाची कड खालच्यावर बसते आणि पाणी आत शिरत नाही. हे मी छपरावर काम करणाऱ्या माणसाकडून शिकलो. तो वरून सांगत होता आणि मी अंगणात उभा राहून वहीत आकृत्या काढत होतो.