साक्ष द्यायची ती कुणापुढे?

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, चिखली किंवा लोणारच्या वाचकाला वृत्तपत्रातल्या मजकुराविरुद्ध दाद मागायची असेल, तर आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं. समाधान झालं नाही, तर कात्रणासह तक्रार दिल्लीच्या भारतीय प्रेस परिषदेकडे. दैनिक-साप्ताहिकांसाठी मुदत दोन महिने.

१९७८च्या प्रेस परिषद कायद्याचं कलम १५ परिषदेला चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार देतं: साक्षीदाराला समन्स काढणं, शपथेवर तपासणं, कागदपत्रं मागवणं, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणं. एक अपवाद मात्र पक्का. बातमी कुणी दिली, हे सांगायला पत्रकाराला भाग पाडता येत नाही. आणि एवढ्या खटाटोपानंतर दोषी वृत्तपत्राला काय? ताकीद, समज किंवा निषेध. दंड नाहीच. टीव्ही वाहिन्या तर कक्षेबाहेर.

२००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘पेड न्यूज’चं, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं, प्रकरण लावून धरलं. परिषदेच्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने अनेकांचं म्हणणं ऐकून वृत्तपत्रांची नावं घेणारा अहवाल दिला. परिषदेने २०१०मध्ये स्वीकारला तो मात्र त्याऐवजी केलेला सौम्य अहवाल. मूळ अहवाल खुला व्हायला माहिती आयोगाचा आदेश लागला. बोलणाऱ्यांनी जोखीम घेतली, कचरली ती परिषद.

आता निवडणूककाळात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील माध्यम समिती पेड न्यूजचा संशय असलेला मजकूर तपासते. नोटीस मिळाल्यावर उमेदवाराला ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. बुलढाण्यातही हाच नियम.