जुनी मोटार घेण्यापूर्वी

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग धाराशिव जिल्ह्यात येरमाळा सोडल्यावर तेरखेडा या गावाजवळून जातो. या रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनांकडे कधी नीट पाहिले आहे काय? मोठमोठे ट्रक, एस. टी., नव्या चकचकीत मोटारी यांच्या मधूनच एखादी ठेंगणी, चौकोनी मारुती 800 आपल्या बेताने जाताना दिसते. या मोटारीचे उत्पादन 1983 साली सुरू झाले आणि जानेवारी 2014 मध्ये थांबले. तुम्ही नववी-दहावीत असाल, तर त्या रस्त्यावरच्या बहुतेक मारुती 800 वयाने तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत!

नवी मोटार परवडत नाही, दुचाकीवर चौघे बसणे धोक्याचे, आणि शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी रोजचे जाणे-येणे तर चुकत नाही. म्हणून जुनी मोटार घ्यावी, असा विचार आपल्याकडे अनेक घरांत चालतो. बोलणी करण्याचे काम वडीलधाऱ्यांचे. पण गाडी पाहायला जाताना तुम्हीही बरोबर जा. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले बरेच काही तेथे उपयोगी पडणार आहे.

तेरखेडा हे शोभेच्या दारूसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध असलेले गाव. तेव्हा सुरुवात फटाक्यापासूनच करू. फटाक्यातही ज्वलन होते आणि मोटारीच्या इंजिनातही ज्वलनच होते. एक किलोग्रॅम पेट्रोल जळले, तर सुमारे 4 कोटी 40 लाख ज्यूल ऊर्जा मिळते. तेवढ्याच वजनाच्या काळ्या दारूतून मात्र 30 लाख ज्यूलच्या आसपास. म्हणजे पेट्रोल दारूपेक्षा चौदा-पंधरा पट शक्तिमान! मग फटाका फुटतो आणि वाटीतले पेट्रोल नुसते भडकते, असे का? कारण दारूमध्ये शोऱ्यासारखा क्षार मिसळलेला असतो व तो ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवितो. पेट्रोलला तो हवेतून घ्यावा लागतो. एक किलोग्रॅम पेट्रोल पुरते जळायला जवळजवळ 15 किलोग्रॅम हवा लागते. दारू आपली शिदोरी बरोबर बाळगते, पेट्रोल वाटेत मागून खाते, असे म्हणा ना! म्हणूनच हवा गाळणारा फिल्टर धुळीने गच्च भरला, की इंजिनाचा जीव गुदमरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत हा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच उघडून पाहावा.

मारुती 800 च्या इंजिनात तीन सिलिंडर असून त्यांचे एकूण आकारमान 796 घन सेंटिमीटर असते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत आहे असे धरू. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. म्हणजे मिनिटाला 4500, सेकंदाला 75. गाडी एक लाख किलोमीटर चालली आणि तिचा सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर होता, तर ती 2500 तास चालली. या काळात किती वेळा ज्वलन झाले? 67 कोटी 50 लाख वेळा! एवढे सोसूनही सिलिंडरची भिंत शाबूत राहते, ती दट्ट्या आणि भिंत यांच्यामध्ये असलेल्या ऑइलच्या अतिशय पातळ थरामुळे. जुन्या गाडीची प्रकृती म्हणजे पहिल्या मालकाने ऑइल वेळेवर बदलले की नाही, याचा इतिहास. तो इतिहास वाचायचा कसा, ते आता पाहू.

गाडी थंड असताना पाहा

मालकाला आधी सांगून ठेवा, की आम्ही येण्यापूर्वी गाडी चालू करू नका. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. तो गरम लागला, तर गाडी आधीच तापवून ठेवलेली आहे आणि अशी तापलेली गाडी आपले दुखणे लपविते. थंड इंजिनाची डिपस्टिक बाहेर ओढून पुसा, पुन्हा बुडवून पाहा. ऑइल काळे असणे हा दोष नव्हे. पण ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर त्यात रेडिएटरचे पाणी शिरलेले आहे. अशा गाडीचा नाद सोडावा, हे माझे स्पष्ट मत.

नंतर किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. 2000 सालानंतरच्या मारुती 800 मध्ये पेट्रोल फवारणारी यंत्रणा असते. तिच्यातला बिघाड दाखविणारा इंजिनाच्या आकाराचा दिवा किल्ली फिरविताच लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळी लागलाच नाही तर? काही विक्रेते दुरुस्तीपेक्षा तो दिवाच काढून टाकणे स्वस्त समजतात.

इंजिन चालू झाले, की धुराकडे पाहा. निळसर धूर म्हणजे दट्ट्यावरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजून ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. मात्र थंडीच्या सकाळी सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ पाहून घाबरू नका. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाणी तयार होते आणि एक लिटर पेट्रोलपासून साधारण एक लिटर पाणी होते. सायलेन्सरमधून टपकणारे थेंब पेट्रोलचे नसतात, ते या पाण्याचे असतात. सायलेन्सर आतून गंजतो, तोही याच पाण्यामुळे.

आता पत्रा. प्रयोगशाळेतला लहानसा चुंबक रुमालात गुंडाळून बरोबर न्या. दारे, चाकांवरच्या कमानी आणि खालच्या कडा यांवरून तो हळूहळू फिरवा. चुंबकाचे आकर्षण अंतर वाढले की झपाट्याने कमी होते. जेथे पत्रा गंजून किंवा ठोकर बसून त्यावर पुट्टीचा जाड थर दिलेला असेल, तेथे चुंबक धरणार नाही. वरून रंग कितीही झकास असो. (बंपर प्लॅस्टिकचे असतात, तेथे चुंबक चिकटला नाही म्हणून विक्रेत्याशी भांडू नका!) नोंदणी क्रमांकावरूनही थोडा अंदाज येतो. एमएच 08 म्हणजे रत्नागिरी, एमएच 01 म्हणजे मुंबई. समुद्रकाठच्या हवेतील क्षारांमुळे पत्र्यावरच्या ओलाव्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची रासायनिक क्रिया वेगाने होते. आपल्या एमएच 25 च्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी या बाबतीत भाग्यवान. पायाखालची सतरंजी उचलून तळाचा पत्राही पाहावा.

किलोमीटरच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. पंधरा वर्षांच्या गाडीवर 40 हजार किलोमीटर दिसले, तर भागाकार करा. दिवसाला सात किलोमीटर! एखाद्या निवृत्त गुरुजींची गाडी इतकी कमी चाललेली असू शकते. पण ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंगवरची खरखर गेली असेल आणि चालकाची गादी खचली असेल, तर आकडा एक सांगतो आणि घर्षण दुसरेच सांगते. अशा वेळी घर्षणावर विश्वास ठेवावा.

कोणती गाडी घ्यावी, असे मला विद्यार्थी व सहकारी विचारतात. माझे उत्तर असे, की जिचे सुटे भाग आणि जिची नस ओळखणारा मिस्त्री बार्शी-धाराशिवला सहज मिळेल, ती. मुंबईची प्रीमियर पद्मिनी किती दणकट होती! कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीने टॅक्सी म्हणून मुंबईकरांना वर्षानुवर्षे वाहून नेले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे सेवेतून गेली. परंतु आज रोजच्या वापरासाठी पद्मिनी ठेवणे म्हणजे सुट्या भागांसाठी भटकंती. मारुती 800 भारतात 25 लाखांहून अधिक विकल्या गेल्या. शिवाय 2019 पर्यंत तयार होणाऱ्या ओम्नीमध्येही त्याच जातीचे 796 घन सेंटिमीटरचे इंजिन होते. त्यामुळे तिचे भाग अजून मिळतात.

कागदपत्रांत एकच गोष्ट फार महत्त्वाची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते, तेव्हा हा खर्च हिशेबात धरा. नोंदणी आणि विमा आपल्या नावावर झाल्याशिवाय व्यवहार पुरा झाला, असे समजू नये.

पाणी, पेट्रोल आणि ब्रेक

गाडी घरी आली. आता तिला सांभाळायचे. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच चाकांच्या कामी येतो, बाकीची उष्णता धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या झाकणासारखे असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे 0.9 किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरने वाढेपर्यंत ते वाफ सोडत नाही. या दाबाखाली पाणी 100 अंशांना न उकळता 118 अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर फाटले, की हा दाब टिकत नाही आणि मे महिन्यात गाडी रस्त्यात ‘उकळते’. झाकण थोड्या पैशांत मिळते, बिघडलेले इंजिन नव्हे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नका. दाब एकदम उतरला, की 110 अंशांचे पाणी क्षणात उसळून तोंडावर येते. आणखी एक, रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाशी बसतो तसा क्षारांचा थर नळ्यांच्या आत बसतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. कूलंट व ऊर्ध्वपातित पाणी यांचे मिश्रणच वापरावे.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. 2025 मध्ये देशातील पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले. आपल्या साखर कारखान्यांच्या दृष्टीने ही गोष्ट चांगली. पण एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 3 कोटी 20 लाख ज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये 2 कोटी 10 लाख. गणित करून पाहा, मिश्रणाची ऊर्जा सुमारे 7 टक्क्यांनी कमी येते. लिटरला 18 किलोमीटर देणारी गाडी 17 च्या आत आली, तर लगेच मिस्त्रीला दोष देऊ नये. खरी काळजी वेगळी आहे. जुन्या गाड्यांतल्या रबराच्या नळ्या या मिश्रणासाठी बनविलेल्या नाहीत. त्या फुगतात, कडक होतात, त्यांना भेगा पडतात. पेट्रोलचा वास आला, की गाडी तेथेच थांबवावी. आणि हो, तेरखेड्यासारख्या गावात हे पुन्हा सांगावेसे वाटते, की जुन्या मोटारीतून फटाक्यांची खोकी नेऊ नयेत. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्या सैल टोकांवर ठिणगी पडते आणि मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी असते. पेट्रोलला हवा रोखून विझविता येईल. दारूची शिदोरी तिच्याजवळच असते, हे आपण वर पाहिलेच.

ब्रेकचा हिशेब जरा सविस्तर मांडू. मारुती 800 चे वजन सुमारे 650 किलोग्रॅम. चार माणसे व सामान मिळून 950 धरा. ताशी 60 किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे 1 लाख 32 हजार ज्यूल होते. गाडी थांबविताना ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जाते. तेवढ्या उष्णतेने जवळजवळ अर्धा लिटर पाणी 30 अंशांपासून उकळीला येईल. वेग 80 केला, तर 2 लाख 35 हजार ज्यूल. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक झाली! बीडकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाटात गाडी 100 मीटर खाली उतरली असे समजा. तेवढ्यात 9 लाख 30 हजार ज्यूल मोकळे होतात. ते सगळे ब्रेकवर टाकले, तर ब्रेक भाजून निघतात.

येथेच ब्रेक ऑइलचा प्रश्न येतो. हे द्रव हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट 3 जातीचे नवे द्रव 205 अंशांच्या आत उकळत नाही. पाणी शोषलेल्या द्रवासाठी मात्र ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. द्रवात वाफेचे बुडबुडे झाले, की ते दाबले जातात, पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. घाट चढताना ज्या गिअरची गरज पडते, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालो वा न चालो. या जुन्या गाडीत एअरबॅग नाही, हेही विसरू नका. मागे बसणाऱ्यांनीसुद्धा पट्टा लावलाच पाहिजे.

शेवटी टायर. टायरच्या कडेवर चार अंक छापलेले असतात. ‘2319’ असे असेल, तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असली, तरी ऊन आणि ऑक्सिजन यांनी रबर म्हातारे होते. बाजूला बारीक भेगा दिसल्या, की तो बदलायला हवा. विक्रेते जुने टायर काळ्या रंगाने पुसून नवे भासवितात. चार अंक पुसता येत नाहीत.

भरलेल्या गाडीचा भार चार चाकांवर सारखा वाटला, तर एका टायरवर 237 किलोग्रॅम येतो. टायरमधील हवेचा दाब 2 किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असेल, तर रस्त्याला टेकलेला भाग होतो सुमारे 119 चौरस सेंटिमीटर. म्हणजे मोठ्या माणसाचा पंजा! पावसात, वळणावर, ट्रकच्या मागे अचानक थांबताना घरातली सारी माणसे अशा चार पंजांवर अवलंबून असतात.

हे स्वतः मोजून पाहता येईल. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या. गाडी सपाट फरशीवर उभी करून हँडब्रेक ओढा. कागदाच्या चार पट्ट्या घ्या. टायरच्या पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी त्या आत सरकवा. जेथे अडतील, तेथपर्यंतची लांबी-रुंदी मोजून गुणाकार करा. पंक्चरवाल्याकडे जाऊन प्रत्येक टायरचा दाब मोजून घ्या. पाउंडाचा आकडा 14.2 ने भागला, की किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर मिळतात. चारही चाकांसाठी दाब गुणिले क्षेत्रफळ काढून बेरीज करा आणि आरसी बुकातल्या रिकाम्या गाडीच्या वजनाशी ताडून पाहा. पुढच्या चाकांचा आकडा मागच्यापेक्षा मोठा येईल, कारण इंजिन पुढे आहे. बेरीज वजनाशी तंतोतंत जुळणार नाही. टेकलेल्या भागाची टोके गोलसर असतात, पट्ट्यांनी मात्र आपण चौकोन मोजला, आणि टायरच्या ताठ भिंतीही थोडा भार पेलतात. यांपैकी कोणत्या कारणाने आकडा वाढतो आणि कोणत्या कारणाने कमी होतो, ते तुम्हीच ठरवा.