माळेतला बल्ब आणि डीपीवरच्या मोटारी

पूर्वी दिवाळीत विजेच्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची. मग घरातलं एखादं पोर एक चांगला बल्ब घेऊन ओसरीवर बसायचं. प्लग काढायचा, एक बल्ब बदलायचा, प्लग लावून बघायचं, पुन्हा पुढचा. ६ व्होल्टचे सुमारे ४० बल्ब एकामागे एक जोडलेले आणि २३० व्होल्ट त्यांनी आपसांत वाटून घेतलेले. ही एकसर जोडणी. विजेला वाट एकच, ती कुठेही तुटली की सगळीकडे अंधार. आजच्या एलईडी माळेचा बहुधा एक तुकडाच विझतो. तुकड्याच्या आत जोडणी एकसर, पण तुकडे एकमेकांना समांतर.

घराचं वायरिंगही समांतरच. फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःची वाट असते. म्हणून स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी माजघरातला पंखा फिरत राहतो. विभवांतर सर्वांना सारखं, २३० व्होल्ट. विद्युतधारा मात्र ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे: ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ०.२६ अँपिअर घेतो, १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर. मीटरकडून येणाऱ्या तारेतून या सगळ्यांची बेरीज वाहते.

मुलं अडखळतात ती पुढच्या पायरीवर. समांतर जोडणीत आणखी रोध जोडत गेलो, तर एकूण रोध कमी कसा होतो? सूत्र जरा बाजूला ठेवा. ६ व्होल्टच्या बॅटरीला ६ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडा. पहिल्यातून १ अँपिअर, दुसऱ्यातून २. बॅटरीला द्यावे लागले ३. म्हणजे बॅटरीच्या लेखी समोर फक्त २ ओहमचा रोध आहे, दोघांतल्या धाकट्याहूनही कमी. वाटा वाढल्या, म्हणून धारा वाढली.

या बेरजेचा खरा हिसका बघायचा तर कृष्णाकाठी, वाळवा-पलूस-कराडच्या उसाच्या रानात जावं. ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे शेतावरचा ट्रान्सफॉर्मर, सुमारे ८४ अँपिअर पेलते. ५ एचपीची मोटार ७-७.५ अँपिअर घेते, म्हणजे अशा अकराएक मोटारींत डीपी भरली. रात्री थ्री फेज वीज येते आणि आपोआप चालू करणारा ऑटोस्विच बसवलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. उठताना मोटार नेहमीच्या कित्येक पट धारा ओढते. मोटारी एकमेकींना समांतर खऱ्या, पण डीपीपासून येणारी सामाईक तार त्या सर्वांशी एकसर असते आणि तिलाही रोध असतो. धारा वाढली की तारेतच व्होल्टेज पडतं. टोकाच्या शेतकऱ्याला ते कमी मिळतं. कमी व्होल्टेजवर तेवढंच पाणी उचलायला मोटार आणखी धारा ओढते, घुमते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगचा खर्च त्याच्याच माथी.

ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगतं ते यासाठीच. कॅपॅसिटर मोटारीला समांतर लावतात. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभं करायला जी धारा लागते, तिचा बराचसा भाग तो जागेवरच पुरवतो. तारेवरचा भार तेवढा हलका होतो. शाळेत समांतर जोडणी शिकवताना या पेटीचं नाव निघत नाही, ते निघायला हवं.

वीज घेणारे समांतर, तसे देणारेही समांतर. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आणि १९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प एकाच ग्रीडला जोडलेले आहेत. एक संच दुरुस्तीला काढला तरी बाकीचे चालू राहतात. पण तो पुन्हा जोडणं स्विच दाबण्याइतकं सोपं नाही. आधी त्याचं व्होल्टेज ग्रीडएवढं करतात, फिरण्याचा वेग सेकंदाला ५० आवर्तनांशी जुळवतात, फेजांचा क्रम तपासतात. दोन्हीकडच्या लाटा एकाच वेळी वर चढू आणि खाली उतरू लागल्या, की मगच संच ग्रीडला जोडला जातो.