चौक बांधण्याआधी कोणाला विचारलं?

आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी बसायच्या जागा मोजल्या तर सगळ्या पुरुषांच्या निघतात. मशिदीच्या पायऱ्या, चहाच्या हॉटेलसमोरचे बाक, पानपट्टीजवळचा कट्टा. बायका दारात उभ्या राहून बोलतात आणि मुलं रिक्षा-दुचाकींच्या मधून चेंडू मारतात. वस्तीला लागून एक मोकळा भूखंड आहे. तिथं चौक आणि बाग होणार, हे ऐकत ऐकत आमची मुलं शाळेतून कॉलेजात गेली. मागच्या वर्षी त्यासाठी एक बैठक झाली. वीस-पंचवीस माणसं जमली, त्यात बाई एकही नव्हती. वेळ मगरिबनंतरची ठेवली होती, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची.

घरी येताना मला डेन्मार्कमधल्या एका चौकाबद्दल वाचलेलं आठवलं. तिथल्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता, की बैठकीला जे येत नाहीत त्यांना विचारायचं कसं?

कोपनहेगन शहरात नोरेब्रो ही जुनी कामगार वस्ती आहे. १९६०-७० च्या सुमारास तुर्कस्तान, पाकिस्तान, मोरोक्कोहून कामासाठी आलेली माणसं इथं राहिली. पुढे पॅलेस्टिनी, इराकी, सोमाली निर्वासित आले. आज इथं साठच्या आसपास देशांची मुळं असलेली कुटुंबं शेजारीशेजारी राहतात. २००५ मध्ये एका डॅनिश वृत्तपत्राने छापलेल्या व्यंगचित्रांनी जगभरच्या मुसलमानांची मनं दुखावली. २००७ मध्ये तरुणांचं एक केंद्र रिकामं करून पाडलं गेलं, तेव्हा याच वस्तीत मोठी दंगल झाली. अशा वातावरणात शहराच्या पालिकेने आणि 'रिआलडानिया' या संस्थेने मिळून रेल्वे आणि ट्रामच्या जुन्या जागेवर सार्वजनिक चौक करायचं ठरवलं. सुमारे पाऊण किलोमीटर लांबीची ती चिंचोळी पट्टी. तिचं नाव 'सुपरकिलेन', म्हणजे मोठी पाचर. २०१२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

आराखडा 'बिग' आणि बर्लिनची 'टोपोटेक १' या वास्तुरचनाकारांचा, सोबत 'सुपरफ्लेक्स' हा कलाकारांचा गट. त्यांची कल्पना साधी होती. बाक, दिवे, कचऱ्याचे डबे, झोपाळे या वस्तू कोणत्याही चौकात लागतातच. मग त्या एकाच कॅटलॉगमधून मागवण्याऐवजी रहिवाशांनाच विचारायचं, की तुमच्या मूळ गावी असं काय होतं जे इथं हवंसं वाटतं? जे सुचवलं गेलं त्यातलं काही तिकडून आणलं, काही हुबेहूब बनवून घेतलं. अशा शंभराहून जास्त वस्तू तिथं आहेत. मोरोक्कोचं कारंजं, इराकचे झोपाळे, ब्राझीलचे बाक, टोकियोच्या बागेतल्यासारखी काळ्या ऑक्टोपसची घसरगुंडी. मुलांना चढायला भारतातला एक सांगाडाही आहे. प्रत्येक वस्तूजवळ जमिनीत पट्टी बसवली आहे, डॅनिश आणि त्या वस्तूच्या मूळ देशाच्या भाषेत.

सूचना मागवण्यासाठी सभा झाल्या, पेट्या ठेवल्या. पण सभेला येतात ते नेहमीचेच, हे जगभर सारखंच दिसतं. म्हणून सुपरफ्लेक्सने वेगळा मार्ग धरला. रहिवाशांचे पाच छोटे गट निवडले आणि प्रत्येक गटासोबत कलाकार थेट प्रवासाला निघाले, आपली वस्तू स्वतः निवडून आणायला. पॅलेस्टिनी कुळातल्या दोन तरुण मुली पॅलेस्टाइनला गेल्या आणि तिथली माती घेऊन आल्या. त्या मातीची छोटी टेकडी आज त्या बागेत आहे. दोन वृद्ध स्त्रिया स्पेनला गेल्या, तिथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या काळ्या बैलाची आकृती आणायला. मुलं थायलंडला जाऊन मुष्टियुद्धाचं रिंगण घेऊन आली. उरलेले दोन गट जमैका आणि टेक्सासला गेले. आपल्याकडे असा खर्च कोणी करणार नाही, हे उघड आहे. पण ज्या तरुण मुलींचं मत सहसा कोणी विचारत नाही, त्यांना विचारायला कलाकार गेले, हे मला विमानाच्या तिकिटापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आपल्या दीनमध्येही मशवऱ्याला मोठं स्थान आहे. मशवरा मात्र निर्णय होण्याआधी घेतात.

चौकाचे तीन भाग आहेत. लाल भागात खेळ आणि व्यायाम. काळ्या भागात डांबरावर पांढऱ्या रेषा वाहत जातात आणि वस्तूंना वळसा घालतात. तिथंच कारंजं आहे, टेबलं आहेत, मांस भाजायला शेगड्याही आहेत. हिरवा भाग मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी. २०१६ मध्ये या चौकाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. ढाक्याच्या बैतुर रऊफ मशिदीलाही त्याच वर्षी तो मिळाला होता.

इथवर गोष्ट गोड आहे. पण हिरव्या भागाला लागून मिओलनरपार्कन ही घरांची वसाहत आहे, तिथं मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. डेन्मार्क सरकारने या वसाहतीला 'घेट्टो'च्या यादीत टाकलं. २०१८ च्या कायद्यात वस्ती ठरवण्याचा एक निकष असा होता, की तिथले निम्म्याहून जास्त रहिवासी 'बिगर-पाश्चात्त्य' मूळचे असावेत. या यादीत जी वस्ती वर्षानुवर्षं राहते, तिथल्या स्वस्त भाड्याच्या कुटुंबघरांचं प्रमाण २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायचं. मिओलनरपार्कनमधल्या इमारती विक्रीला निघाल्या. भाडेकरूंनी २०२० मध्ये सरकारविरुद्ध दावा लावला, तो पुढे युरोपियन संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. ज्यांच्या आठवणी जपायला तो चौक केला, त्यांच्यातल्याच काहींना घर सोडायला सांगितलं गेलं. जुन्या वस्तीत बाग झाली, रस्ता रुंद झाला, की घरमालकाचा सूर बदलतो, हे आपल्याकडच्या भाडेकरूंनाही नवं नाही.

मग बैठकीला जायचं की नाही? मला वाटतं, जायचं, आणि कागद वाचून जायचं. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते. भूखंडावर आरक्षण कशाचं आहे, शेजारच्या घरांचं पुढे काय होणार, हे नकाशावरच कळतं. हरकत घेण्यासाठी शिक्षण लागत नाही. लेखी अर्ज, सही आणि पोच, एवढं पुरतं.

आमच्या भूखंडाचा नकाशा मी फोनवर उतरवून घेतला आणि गल्लीतल्या बायकांना दाखवत फिरले. एकीला पाण्याचा नळ हवा होता, दोघींना दिवे. कॉलेजातल्या मुलींना बॅडमिंटनचं कोर्ट हवं होतं. ते ऐकून त्यांच्या अम्मींनी माझ्याकडे डोळे वटारले. शेवटी कोपऱ्यावरच्या खालांकडे गेले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले. त्यांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बेटा, मला बाकडं हवं. पाठ टेकता येईल असं. आणि तिथून माझ्या घराचं दार दिसलं पाहिजे."

अर्जात चौथ्या क्रमांकावर मी ते तसंच लिहिलं आहे.