फुलोऱ्यातली अळी आणि फवारणीची वेळ

चाकण-राजगुरुनगर परिसरात कारखान्यांच्या आसपास अजूनही शेती होते. रब्बीत हरभरा फुलावर आला की शेतकऱ्याला धास्ती असते ती घाटे अळीची. शास्त्रीय भाषेत हिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. हरभऱ्याप्रमाणेच तूर, कापूस, टोमॅटो, झेंडू अशी कितीतरी पिके ती खाते. अमेरिकेत भांगेच्या फुलोऱ्यात शिरणारी अळीही हिच्याच प्रजातीतली आहे.

या अळीचा बंदोबस्त इतका अवघड का? तिचा जीवनक्रम पाहू. मादी पतंग कोवळी पाने, कळ्या व फुले यांवर एकेक सुटे अंडे घालते. तीन ते पाच दिवसांत अंडे फुटते. लहान अळी पहिले काही दिवस कोवळा पाला खरवडून खाते. नंतर ती घाट्याला भोक पाडून डोके आत खुपसते आणि दाणे फस्त करते. एक अळी ३०-४० घाटे पोखरू शकते. दोन-तीन आठवड्यांनी ती जमिनीत शिरून कोषात जाते. म्हणजे फवारा तिच्यापर्यंत सहज पोहोचतो तो काळ अवघ्या काही दिवसांचा!

मग अधिक जहाल औषध मारले तर? त्याने दोन धोके उद्‌भवतात. औषधातून वाचलेल्या थोड्या अळ्यांचीच पुढची पिढी वाढते आणि हळूहळू ते औषध निकामी होते. १९८७च्या हंगामात आंध्र प्रदेशातील कापसावर कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांचे असेच झाले. दुसरा धोका माणसालाच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले.

अळीला मारील पण माणसाला अपाय करणार नाही, असे काही आहे का? १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या रोगात एक जिवाणू सापडला. १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांनी तसाच जिवाणू पिठातल्या पतंगाच्या अळीत पाहिला. थुरिंगिया प्रांतावरून त्याचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच 'बीटी'.

हा जिवाणू बीजाणू तयार करताना प्रथिनाचा एक स्फटिकही बनवतो. अळीचे आतडे अल्कधर्मी असते. तेथे हा स्फटिक विरघळतो, पाचकरसांनी त्याचे तुकडे होतात आणि त्यातला विषारी भाग आतड्याच्या अस्तराला चिकटून त्याला छिद्रे पाडतो. अळी काही तासांत खाणे थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. आपले जठर आम्लधर्मी आहे, शिवाय आपल्या आतड्यात हे विष चिकटण्याच्या जागाच नाहीत. रेशीमकिड्याला मात्र ते मारक ठरते. म्हणून तुतीजवळ ते फवारू नये. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले, ते मोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून. बीटीचा जिवाणूही अशाच टाक्यांत वाढवतात.

ही क्रिया समजली की फवारणीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बीटी पोटात गेले तरच काम करते. म्हणून अळी घाट्यात शिरण्यापूर्वी, ती लहान असतानाच फवारायला हवे. उन्हातील अतिनील किरणांनी ते निष्प्रभ होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. घाटे अळीला रोग आणणाऱ्या एचएएनपीव्ही या विषाणूलाही हेच नियम लागू पडतात. या विषाणूने मेलेल्या अळ्या झाडावर उलट्या लटकलेल्या दिसतात.

अर्थात योग्य दिवस कळण्यासाठी शेत पाहत राहिले पाहिजे. हे काम विद्यार्थी उत्तम करू शकतात. शाळेजवळच्या हरभऱ्याच्या शेतात, मालकाच्या परवानगीने, फवारणी झाली नसताना, दर आठवड्याला पाच ठिकाणी ओळीची एकेक मीटर लांबी मोजून त्यातल्या अळ्या मोजाव्यात आणि आलेख काढावा. मीटरला सरासरी एक-दोन अळ्या दिसल्या की उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. शेतात इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे रोवून कोतवाल, साळुंक्या किती येतात याचीही नोंद ठेवता येईल. थांबे असलेल्या व नसलेल्या भागांतील आकड्यांत फरक पडतो का, हे मुलांनाच शोधू द्यावे. डबा उचलून ठरलेल्या वारी फवारणारा शेतकरी आणि आधी अळ्या मोजणारा शेतकरी यांतला फरक त्यांना त्यातून आपोआप कळेल.