छायाचित्रांतले घर आणि जमाखर्चातली गिरणी

एकोणिसाव्या शतकातील गिरणीमालकांनी आपली, आपल्या कुटुंबांची आणि आपल्या घरांची जी छायाचित्रे काढवून घेतली, त्यांच्याकडे आजवर बहुधा घराण्याच्या अभिमानाने किंवा फार तर वास्तुकलेच्या कौतुकाने पाहिले गेले आहे. अर्थव्यवहाराचा दस्तऐवज म्हणून त्यांचा विचार क्वचितच झाला. वास्तविक खतावणीत जशा जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, तशाच या चित्रांनाही आहेत. फरक इतकाच, की चित्रात एकच बाजू उघडी ठेवलेली असते.

मुंबईत गिरणीधंदा आणि छायाचित्रण ही दोन्ही नवलाची अपत्ये जवळजवळ एकाच वेळी जन्माला आली. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कापडगिरणीची कंपनी उभारली; त्याच वर्षी मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या पहिल्या काही हिंदी सभासदांपैकी होत. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. तो पूर 1865 मध्ये ओसरला तेव्हा अनेक पेढ्या बुडाल्या. जे तरले, त्यांतील काहींनी कापूस बाहेर पाठविण्यापेक्षा येथेच सूत काढण्याचा मार्ग धरला. आज ज्यांची छायाचित्रे आपण पाहतो, ती घराणी प्रामुख्याने या तरलेल्यांची आहेत. बुडालेल्यांच्या तसबिरी कोठे गेल्या, हे विचारण्याच्या भरीस कोणी पडत नाही.

टाटा घराण्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. जमशेटजींचे नवसारीतील जन्मघर स्मारक म्हणून जपलेले आहे; घर साधे, बेताचे. मुंबईत त्यांनी 1880च्या दशकात बांधलेले एस्प्लनेड हाउस मात्र प्रासादतुल्य. ही दोन घरे शेजारीशेजारी ठेवून पाहिली, की मधली पोकळी कशाने भरली याचा विचार करावाच लागतो. ती भरणाऱ्या गोष्टींत नागपूरच्या एम्प्रेस मिलचा वाटा मोठा होता. 1874 साली कंपनी स्थापन झाली आणि 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. नागपूरपर्यंत रेल्वे 1867 मध्येच पोचली होती. कापूस दाराशी होता. गिरणी कापसापाशी नेण्याचा हा हिशेब अचूक ठरला. त्याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ चालू होता, हेही त्या तारखेशेजारी लिहून ठेवावयास हवे.

या घराण्याचे एक सुप्रसिद्ध छायाचित्र आहे: जमशेटजी, त्यांचे पुत्र दोराबजी व रतनजी आणि नातलग रतनजी दादाभाई. चार पुरुष, चौघेही धंद्यातले. याला कौटुंबिक चित्र म्हणण्यापेक्षा भागीदारीचे चित्र म्हणणे अधिक शोभेल. जमशेटजींच्या पत्नी हिराबाई त्यात नाहीत. भांडवल पुढील पिढीत कोणाच्या हाती जाणार, हे त्या चौकटीने सांगून टाकले आहे.

परंतु चित्रातील वस्तूंवरून श्रीमंतीचे अनुमान काढताना सावध राहिले पाहिजे. स्टुडिओत काढलेल्या चित्रांतील कोरीव खुर्ची, फुलदाणी, मागचा रंगविलेला पडदा, कित्येकदा हातातले जाडजूड पुस्तकसुद्धा छायाचित्रकाराचे असे. ज्याच्या घरी बसावयास सतरंजीच होती, तोही दोन-चार रुपये मोजून काही क्षण त्या खुर्चीचा मालक होऊ शकत होता. चेहऱ्यांवरील करारीपणाचेही तसेच. पुष्कळ सेकंद निश्चल राहावे लागे, मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावलेला असे. त्या अवस्थेत कोणीही करारीच दिसेल! म्हणून स्टुडिओतील चित्रांपेक्षा प्रत्यक्ष घरात काढलेली चित्रे अभ्यासकाला अधिक विश्वसनीय वाटतात. मलबार टेकडीवरील सर दिनशा पेटिट यांचा पेटिट हॉल आज उभा नाही. तो पाहावयाचा तर छायाचित्रांतच. अशा दिवाणखान्यांत विलायती झुंबरे, मोठाले आरसे, चिनी मातीची भांडी आणि मुंबईच्या कारागिरांनी कोरलेली शिसवी आसने यांची दाटी असते. मात्र माणसे बहुधा नसतात. मंद उजेडात चित्र उमटावयास इतका वेळ लागे, की तेवढा काळ न हलता थांबणे फक्त फर्निचरलाच जमे.

गिरणीच्या आतील भागाची चित्रे विरळा असण्याचे हेच कारण सांगण्यात येते. अंधार, कापसाची उडती धूळ, यंत्रांची थरथर. हे कारण काही वर्षांपुरते खरे आहे. 1880 नंतर अधिक जलद अशा कोरड्या काचा बाजारात आल्या, तेव्हा ही सबब दुबळी झाली. तरीही घराचा पोर्च, बग्गी, बाग यांची चित्रे निघत राहिली, आणि साच्याखात्यात बारा-बारा, चौदा-चौदा तास उभा असलेला कामगार चौकटीबाहेरच राहिला. पैसे देणाऱ्याला जे दाखवावयाचे होते तेच चित्रात आले. हा कोणाचा दुष्टपणा नव्हे, मागणी-पुरवठ्याचा साधा नियम आहे. टाटांनी नागपुरात निवृत्तिवेतनासारख्या सोयी बऱ्याच लवकर केल्या, ही गोष्ट न्यायाने नमूद करावयास हवी. परंतु त्यांची नोंदसुद्धा कागदपत्रांतच सापडते.

मग मजुराचे घर प्रथम कॅमेऱ्यापुढे केव्हा आले? 1896 साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा. सरकारी पथकांनी चाळी धुतल्या, कौले काढून खोल्यांत उजेड पाडला, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरे रंगविली, आणि या साऱ्या मोहिमेची छायाचित्रे आल्बमांत चिकटविली गेली. गिरणीमालकाचे घर मालकाच्या हौसेने टिपले गेले, मजुराचे घर रोगाच्या धास्तीने. पहिल्यात वस्तू आहेत आणि माणसे नाहीत. दुसऱ्यात माणसे रांगेत उभी आहेत, पण त्यांची नावे कोणी लिहिलेली नाहीत. रविवारच्या सुट्टीसाठी 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामागे जे हजारो गिरणीकामगार उभे राहिले, ते दिसावयास कसे होते हे आज जवळजवळ कल्पनेनेच जाणावे लागते.

सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावी हा विषय दूरचा वाटेल. तसा तो नाही. 1869 साली नाशिक जिल्हा होईपर्यंत बागलाण खानदेशात मोडत होते, आणि मुंबईच्या ज्या तेजीतून गिरण्या उभ्या राहिल्या, तिच्या कापसात खानदेशचा वाटा लहान नव्हता. झुंबरे मलबार टेकडीवर लागली. बोंडे इकडच्या काळ्या जमिनीत फुटली. मालेगाव आणि येवल्याच्या विणकरांना तर घर आणि कारखाना असा भेदच ठाऊक नव्हता. ज्या खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि पाळणा. अशा घराचे चित्र काढावयास पैसे देऊन छायाचित्रकार कोण बोलावणार?

मोठ्या घराण्यांचे निभावते. टाटांचे कागद आणि छायाचित्रे पुण्यात त्यांच्या स्वतःच्या अभिलेखागारात सुरक्षित आहेत. प्रश्न आहे तो लहान गावांतील सावकार, अडते, सरकी-रुईचे व्यापारी आणि विणकर यांच्या घरांतून जे थोडेफार उरले असेल त्याचा. सटाण्यात विंचूर-प्रकाशा रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने उभी राहिली, कांदा आणि डाळिंबाचा पैसा आला, वाटण्या झाल्या. जुन्या माळवदी घरांच्या जागी स्लॅबची घरे आली. यात खेद करण्यासारखे काही नाही. राहणाऱ्याला सोयीचे घर हवेच. परंतु घर पाडताना माळ्यावरून खाली येणाऱ्या ट्रंकेचे काय होते? मोडीतील वह्या रद्दीत जातात. पिवळ्या पडलेल्या तसबिरींपैकी देवादिकांच्या राहतात, माणसांच्या जातात. भंगारवाला चौकटीच्या सागवानाचे पैसे देतो, आतल्या कागदाचे देत नाही.

महाविद्यालयांना हे काम अवघड नाही. बी.ए.च्या विद्यार्थ्याने आपल्याच गल्लीतील दहा घरांत जाऊन जुनी छायाचित्रे पाहावीत, घरच्यांच्या परवानगीने त्यांच्या प्रती घ्याव्यात आणि मूळ चित्र त्याच घरी राहू द्यावे. त्याच घराच्या वह्या असतील तर मोडी जाणणाऱ्याकडून त्या वर्षाची पाने वाचून घ्यावीत, म्हणजे चित्रातील पागोट्याची किंमत आणि त्या साली दिलेली मजुरी एकाच कागदावर येईल. चित्राच्या पाठीमागे नावे शाईने नव्हे, मऊ पेन्सिलीने लिहावीत, शाई पाझरते. आणि सुरुवात घरातील सर्वांत वृद्ध आजीपासून करावी, कारण तो डावीकडून तिसरा कोण, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.