रुग्णालयजन्य न्यूमोनियाचे नवे जिवाणू आणि वैद्यांचे कर्तव्य

एका व्याधीसाठी दाखल झालेल्या रुग्णास रुग्णालयातच दुसरी, अधिक घातक व्याधी जडावी, ही आजच्या वैद्यकापुढील गंभीर समस्या आहे. दाखल झाल्यावर ४८ तासांनी अथवा त्यानंतर उद्भवणाऱ्या न्यूमोनियास रुग्णालयजन्य मानतात. कृत्रिम श्वसनयंत्रावरील प्रौढांत तो विशेष उग्र असतो.

समाजात आढळणाऱ्या न्यूमोनियात न्यूमोकॉकस प्रमुख असतो. अतिदक्षता विभागात मात्र अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व स्यूडोमोनास यांचे प्राबल्य दिसते. अ‍ॅसिनेटोबॅक्टर खाटेच्या कोरड्या कठड्यावरही अनेक दिवस तग धरतो. कार्बापेनेम हे राखीव अस्त्र निष्प्रभ करणारे एनडीएम विकर २००९ मध्ये क्लेब्सिएलात प्रथम नोंदले गेले; तो स्वीडनमधील रुग्ण पूर्वी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता.

आता आणखी दोन नावे पुढे येत आहेत. स्टेनोट्रोफोमोनास हा कार्बापेनेमला निसर्गतःच दाद देत नाही. त्या औषधाने इतर जिवाणू नष्ट झाले, की यास मोकळे रान मिळते. एलिझाबेथकिंगिया नळ व बेसिनच्या ओलाव्यात वाढतो आणि कार्बापेनेम व कोलिस्टिन या दोहोंना पुरून उरतो. म्हणून कफाचे कल्चर व जिवाणूची अचूक ओळख यांवाचून चिकित्सेची दिशा ठरत नाही.

येथे आपले कर्तव्य काय? कास-श्वासाच्या प्रत्येक रुग्णास अलीकडे रुग्णालयात राहिला होता काय, हे विचारावे व डिस्चार्ज कार्ड पाहावे. ज्वर, धाप, पूययुक्त कफ वा भ्रम दिसताच विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. वृद्धांत ज्वर नसूनही केवळ अन्नद्वेष व भ्रम आढळू शकतो. मुखातील स्राव फुफ्फुसात उतरणे हे या व्याधीचे प्रमुख कारण असल्याने मुखशुद्धीचे महत्त्व मोठे. परंतु ज्यास शुद्ध नाही वा नीट गिळता येत नाही, त्यास गंडूष, काढा अथवा चाटण देऊ नये. आपल्या रसायनचिकित्सेचे स्थान तीव्रावस्था ओसरल्यानंतरचे आहे.

औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या एच-१ अनुसूचीत तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स व कार्बापेनेम्स येतात. चिठ्ठीविना त्यांची विक्री निषिद्ध असून स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. गल्ल्यावरून सहज दिलेली एक पट्टी जिवाणूंना प्रतिकार शिकवते, आणि त्याचे मोल उद्या अतिदक्षता विभागातील एखादा रुग्ण प्राणांनी चुकवतो. प्रतिकारशील जिवाणूंची वाढ रोखण्याचे काम आपल्या दुकानापासूनच सुरू होते.